वाक्याची पोच

"बोलायचं, म्हणजे किती बोलायचं?" मी विचारलं.

फौजदार मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. त्यांच्या टेबलापुढे आम्ही गावकीचे पाच पंच ओळीने उभे होतो. बाकावर बसा असं कोणी म्हटलं नव्हतं आणि आपण होऊन बसायची कोणाची छाती नव्हती.

"किती म्हणजे?"

"कागदावर लिवलंय, सदर कुटुंबाशी बोलणे बंद ठेवणार नाही. बंद ठेवणार नाही म्हंजे चालू ठेवायचं. पण दिवसातून एकदा, का आठवड्यातून? आणि कायपण बोललं तर चालंल, का ठरावीक?"

मागून काशीराम जोगळे माझा सदरा ओढत होता. हा आमच्या गावकीचा कारभारी. पण मी चाळीस वर्षं खेडोपाडी टपाल वाटलेला माणूस. रजिस्टर पत्र कोणाच्या हातात द्यायचं, कोणाची सही चालते, कोणाचा अंगठा चालतो, सगळं नियमाने. नियम अर्धवट असला की माझ्या पोटात दुखतं.

मॅडमचा जेवणाचा डबा टेबलावर तसाच पडला होता. त्या वैतागून म्हणाल्या, "आजोबा, रोज एक वाक्य बोला. एक! जमेल?"

"जमेल," मी म्हणालो आणि तारीख घालून पूर्ण सही केली.

कायदा तेव्हा नवीन होता. कोणाला वाळीत टाकणं हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या वाडीत एका घराला पाच वर्षं वाळीत टाकलंय असा कोणीतरी अर्ज केला होता. मॅडमनी आम्हाला लगेच आत न टाकता सहा महिन्यांचं हमीपत्र लिहून घेतलं. सहा महिने नीट वागा, मग बघू, म्हणाल्या.

ते घर माझ्या मुलाचं होतं. आणि त्याला वाळीत टाकायचा ठराव वाचून दाखवला होता गावप्रमुख धोंडू भिकू मांडवकर याने, म्हणजे मी.

नरेशने तालुक्याला नोंदणी करून लग्न केलं होतं. वृषाली बाहेरची, जातीतलीही नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. आमच्याकडे लग्न ठरवताना पाच पंच बसतात, विडा ठेवतात, गावकी हो म्हणते आणि मगच अक्षता पडतात. याने कोणाला विचारलं नाही. पंच सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दोनच वर्षांपूर्वी याच कारणासाठी आम्ही दुसऱ्या एका घराशी बोलणं तोडलं होतं. आता स्वतःच्या पोराला सोडलं असतं तर माझं कोणी ऐकलं असतं? मी उभा राहून ठराव वाचला. आवाजसुद्धा कापला नाही. त्याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. आज सांगायला लाज वाटते, पण होता.

नरेशने वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे सड्याच्या उघड्या कातळाच्या कडेला घर बांधलं. वायरमनचं काम करून तो पोट भरत होता. मी टपाल वाटतच होतो. सरकारी टपाल अडवता येत नाही, म्हणून त्याची पत्रं मी त्याच्या घराभोवतीच्या दगडी गडग्यावर ठेवायचो, वर एक दगड, आणि न बोलता माघारी. मुलगी झाल्याचं मला टपालातूनच कळलं. बाळाच्या आधारकार्डाचं पाकीट आलं, त्यावर नाव होतं तनया नरेश मांडवकर. पाकीट दगडाखाली ठेवलं आणि घरी येऊन बायकोला, सुगंधाला, नाव तेवढं सांगितलं. ती चूल फुंकत राहिली, पेटलेलीच चूल.

पोलिस ठाण्यातून परत येताना टेम्पोत काशीराम दात खात होता. "बापावर अर्ज केलान. पोटच्या पोरानं!"

मलाही तसंच वाटलं. दुसरं कोण करणार?

घरी आलो. सुगंधाने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. रोज एक वाक्य हे ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

"हसतेस काय?"

"काय नाय. उद्या काय बोलणार ता ठरवा. तुमाला सुचायला येळ लागतो."

मी दुकानातून शंभर पानी वही आणली. पुरावा नको? आखून घेतली. तारीख, वाक्य, पोच. पोच म्हणजे मिळाल्याची सही, ती नसेल तर टपाल पोचलंच नाही असं धरतात.

दुसऱ्या दिवशी सोमवार. नऊच्या ठोक्याला मी नरेशच्या गडग्याबाहेर उभा राहिलो. तो ओटीवर पंख्याची मोटर उघडून बसला होता. पाच वर्षांत मी त्याला एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. कानाजवळ पांढरे केस आले होते. पण मी कामाला आलो होतो.

"आज सोमवार. ऊन पडलंय," मी म्हणालो. वही गडग्यावर ठेवली. "पोच दे."

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"कसली पोच?"

"वाक्याची. फौजदारांचा हुकूम हाय."

त्याचा चेहरा लाल झाला. स्क्रू-ड्रायव्हर आपटून तो आत निघून गेला. मी पंचाईतीत पडलो. पहिल्याच दिवशी पोच नाही. तेवढ्यात दारातून एक मुलगी आली. चार वर्षांची, एका पायात चप्पल, हातात अर्धी भाकरी. गडग्यावर हनुवटी टेकायला तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

"तुम्ही कोण?"

आता या प्रश्नाला हमीपत्रात उत्तर नव्हतं. "पोस्टमन," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, फक्त एक वर्षापूर्वी संपलेलं होतं.

"काय आणलंय?"

"वाक्य."

"दाखवा."

मी वहीतली ओळ वाचून दाखवली. तिने भाकरी दातात धरली, माझं पेन घेतलं आणि पोचच्या रकान्यात एक गोल काढला. रकान्याबाहेर गेला होता, पण टपालखात्यात मी याहून वाईट सह्या बघितल्या आहेत.

मंगळवारी मी म्हणालो, "आज मंगळवार. ऊन पडलंय."

"हे काल झालं," ती म्हणाली.

"काल सोमवार होता."

"ऊन झालं. दुसरं आणा."

मी तिथेच उभं राहून दुसरं वाक्य शोधलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. साठी उलटलेला माणूस, आणि चार वर्षांच्या पोरीपुढे माझी शाळेतल्यासारखी गत झाली. शेवटी म्हणालो, "जोगळ्यांची म्हैस व्यायली." तिने विचार केला आणि गोल काढून दिला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली म्हणा ना. रोज नवीन वाक्य कुठून आणायचं? चाळीस वर्षं त्याच वाटांनी चाललो, पण मान खाली, पत्ते वाचत. आता मी वाटेत थांबून बघायला लागलो. मुंग्या गडग्याच्या कुठल्या फटीतून निघतात आणि कुठे जातात. काजूला आधी बी येते की आधी बोंड. शाळेमागच्या गंजलेल्या टपालपेटीत पालीने अंडी घातली होती. ते मी नुसतं सांगितलं नाही, एक फुटकं टरफल काडेपेटीत घालून नेलं. तनूने ती काडेपेटी कानाला लावली.

"यातून कोण निघालं?"

"पाल."

"तिचे आजी-आजोबा कुठे असतात?"

"बघून सांगतो," मी म्हणालो आणि पोच न घेताच निघालो. अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं.

घरी सुगंधा दारातच असायची. "काय म्हणाली?" हा तिचा रोजचा प्रश्न. मी सांगायचो. तिचं समाधान व्हायचं नाही. फ्रॉक कुठल्या रंगाचा, केस किती वाढले, बोबडं बोलते का. एकदा मी चिडून म्हणालो, "मग तूच जाऊन बघ की!"

"मी कशी जाऊ? कागदावर माजा नाव खुटं हाय? तुमा पंचांची सही हाय. बायकांना गावकीनं इचारलं नव्हतं, सरकारनं पण नाय इचारलं."

नियमाने ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून एक वाक्य मागून घेतलं. तिने सांगितलं, "तिला इचारा, गुळाची चिकी आवडते का." मी विचारलं. तनू म्हणाली आवडते. पुढच्या दिवशी सुगंधाने चिकी करून माझ्या खिशात घातली. हमीपत्रात चिकीला मनाई नव्हती.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. ज्या पोराने बापावर अर्ज केला, तो मला रोज गडग्याशी उभं राहू देत होता. हाकलत नव्हता आणि बोलतही नव्हता. एके दिवशी तनू आत पाणी प्यायला गेली तेव्हा मी विचारलं. ते त्या दिवसाचं वाक्य म्हणून मी नंतर लिहिलंसुद्धा.

"नरेश, अर्ज तू केलास?"

तो वायर गुंडाळत होता. "नाय केला."

"मग कोणी?"

"मला म्हाईत नाय. वृषाली म्हणत होती करूया. मी म्हटलं, पोलिस आणून बोलायला लावलेला बाप काय कामाचा?"

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणापासून खोटं बोलताना त्याचा डावा कान हलतो. तो स्थिर होता. मग अर्ज केला कोणी? मी घरी जाऊन सुगंधाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मी त्या वेळी तालुक्याला डोळे तपासायला गेलेली." खरंच गेली होती. परत आली तेव्हा चष्मा लागला नाही म्हणाली होती.

काशीरामने वाडीतल्या सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. शाळेच्या मास्तरवर, दूध डेअरीच्या पोरावर, अगदी माझ्यावरसुद्धा.

माघातली गोष्ट. वहाळाच्या उभ्या काठात मला एक बीळ दिसलं. बिळापुढे खंड्या चोचीत मासा घेऊन बसला होता. मी पलीकडे दबा धरून अर्धा तास बघत राहिलो. माझ्या वयाच्या माणसाने दबा धरायचा नसतो, गुडघे नंतर उठू देत नाहीत. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. त्या सकाळी मी जवळजवळ पळतच गडग्याशी गेलो.

"खंड्याच्या बिळात पिल्लं आहेत!"

तनूने गोल काढला नाही. पेन तसंच धरून म्हणाली, "मला दाखवा."

मी आजूबाजूला बघितलं. बोलायचं ठरलं होतं. हात धरून न्यायचं ठरलं नव्हतं. वहाळ वाडीतून दिसत नाही, हेही मी त्याच क्षणी मोजून घेतलं. मी आत बघितलं, नरेश ओटीवर होता. त्याने माझ्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी मी तिला नेलं. वहाळात दगडांवरून चालताना तिने माझं बोट धरलं. सबंध हात नाही, एकच बोट. ते एवढं घट्ट धरलं होतं की नख पांढरं पडलं. पिल्लू बिळाच्या तोंडाशी आलं तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "पोस्टमन आजोबा, हळू श्वास घ्या." मी श्वास घेणंच सोडलं. आयुष्यात मला एवढा आनंद झाला नव्हता, नोकरीत कायम झालो तेव्हाही नाही.

परत आल्यावर नरेश गडग्याशी उभा होता. तनू आत पळाली.

"बाबा, सहा महिने कधी संपतात?"

"वैशाखात."

"मग?"

मी वहीवरची धूळ झटकली.

"रोज नऊला ती हितं येऊन उभी ऱ्हाते. आंघोळ नाय, खाणा नाय. तुमचा कागद संपला की तुमी बंद होणार. मी तिला काय सांगू? पोस्टमन मेला?"

"अजून लय दिवस हायत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तिला अजून म्हाईतच नाय तुमी कोण हाय ता. मी सांगितला नाय. कागद संपल्यावर रडायला एक कारण कमी."

पण दिवस सरतातच. करवंदं पिकली, सड्यावरचं गवत वाळून पांढरं झालं. काशीराम दिवस मोजत होता. शेवटच्या आठवड्यात तो माझ्याकडे येऊन बसला.

"मांडवकर, शनिवारी कागदाची मुदत सरते. रविवारी सकाळी तुमच्या ओटीवर बसूया. आता लिवायचं काय नाय. ठराव नाय, दंड नाय, वही नाय. नुसता गप ऱ्हायचा. गप ऱ्हायला कुठल्या कायद्यात शिक्षा हाय, सांगा बघू?"

मी आठवून बघितलं. खरंच नव्हती. कोणाला बोलायला भाग पाडणारा कायदा मला सापडेना. काशीराम हुशार माणूस, यात वाद नाही.

"आणि तुमी परमुख," तो उठताना म्हणाला. "पयला तुमी गप झालात की वाडी गप होते. मागल्या टायमाला तसाच झाला होता."

तेही खरं होतं. सुगंधा आत भांडी घासत होती. त्या दिवशी तिने भांडी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली.

शनिवारी मी गडग्याशी गेलो. मनात वाक्य तयार होतं, उद्यापासून मी येणार नाही. एवढंच. रात्रभर घोकलं होतं. तनू उभी होती. आता तिला टाचा उंच कराव्या लागत नव्हत्या. सहा महिन्यांत ती वाढली होती, की गडग्याखाली तिने दगड आणून ठेवला होता, मी बघितलं नाही.

"आज काय आणलंय?"

"आज... सुचत नाय गो बाय."

ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "असू दे. उद्या दोन आणा." आणि गोल काढला. आता तिच्या गोलाला डोळे आणि पाय यायला लागले होते. त्या दिवशी तिने त्याला टोपीपण घातली, माझी.

मी वही मिटली आणि घरी आलो.

रविवारी सकाळी पंच ओटीवर बसले. सुगंधाने पाणी आणून ठेवलं. मी खांबाला टेकून, वाटेकडे पाठ करून बसलो होतो. भिंतीवरच्या घड्याळाकडेही मी बघत नव्हतो, पण नऊचे ठोके पडले ते मोजले. काशीराम बोलत होता. वाडीची अब्रू, पूर्वजांची रीत, आज याने केलं उद्या तो करील. पाच वर्षांपूर्वी याच ओटीवर हीच वाक्यं मी बोललो होतो. ती ऐकताना मला नवल वाटलं, की मला ती त्या वेळी किती सोपी गेली होती. तनूने एकालाही पोच दिली नसती, सगळी जुनीच होती.

"तर मग ठरलं," काशीराम म्हणाला. "कोणी काय बोलायचं नाय. मांडवकर, बरोबर ना?"

मी होकारासाठी तोंड उघडणार होतो की नकारासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. मी खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात खाली अंगणात पावलं वाजली. छोटी, चपलेची चटकचटक. पंच सगळे त्या बाजूला बघायला लागले, म्हणून मीही वळलो.

तनू पायऱ्यांशी उभी होती. वहाळ ओलांडून आली होती, फ्रॉकची कड ओली. दोन्ही पायांत चपला होत्या, आणि हातात शाळेच्या वहीचं फाडलेलं, रकाना आखलेलं पान. तिने पंचांकडे एकदा बघितलं, घाबरली असावी, कारण पान दोन्ही हातांनी धरलं. मग मी रोज उभा राहायचो तशी ताठ उभी राहून, माझ्याच आवाजात म्हणाली,

"आज रविवार. माझे आजोबा आले नाहीत."

आणि पान माझ्यापुढे धरलं. "पोच द्या."

मी तिचा आजोबा, हे नरेशने तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं.

 काशीराम हळू आवाजात म्हणाला, "मांडवकर, आत्ताच ठरलंय. तुमी सही केलीत तर वाडी तुमाला बघून घेईल."

चाळीस वर्षांच्या नोकरीत पोच मागणाऱ्याला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. पण हे मी त्या वेळी मनात आणलं, असं म्हणणं लबाडी होईल. माझ्या मनात काहीच नव्हतं. खिशात पेन होतं. मी ते काढलं, तनूचं पान गुडघ्यावर ठेवलं आणि सही केली. धोंडू भिकू मांडवकर. खाली तारीख घातली. मग वाटलं, हे पुरेसं नाही, म्हणून पुढे लिहिलं, आजोबा. अक्षर वाईट आलं.

तिने ते नीट तपासून बघितलं.

"सही रकान्याबाहेर गेली," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

काशीराम उठला. "ज्यानं पोलिसांत अर्ज करून गावाची अब्रू घालवली, त्याच्या पोरीला तुमी..."

"त्यानं नाय केला अर्ज," दारातून आवाज आला. सुगंधा उंबऱ्यात उभी होती. हात ओले, पदराला पुसत होती. "मी केला."

आम्ही पाचही पंच तिच्याकडे बघत राहिलो. मी तर तोंड उघडंच ठेवून.

"डोळे तपासायला गेलेली ना, तवा. डोळे बरे हायत माजे. मला नात बघायची होती."

"मला का नाय सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं असतं तर ता गावप्रमुखाच्या कानावर गेलं असतं." ती पुढे आली, खाली बसली आणि तनूच्या फ्रॉकची ओली कड पिळायला लागली. पिळून झाल्यावरही ती कड सोडत नव्हती. "तुमी ठराव वाचलात तवा मला कोणी इचारलं होतं? पाच वर्षं मी पण वाळीतच होते, तुमच्याच घरात. फौजदार बाय म्हणाली, आजी, कायद्यानं माणसं बोलायला लागतील, पण माया नाय करणार. मी म्हटलं, तुमी त्यांना दारापतूर न्या. पुढचा माजी नात बघेल."

काशीराम आणि आणखी एक पंच चपला घालून निघून गेले. दोघे बसून राहिले. त्यांतला एक खाली बघत म्हणाला, "माझ्या पण बहिणीकडे जाऊन येतो मग." नरेशच्या दोन वर्षं आधी आम्ही तोडलेलं घर त्याच्या बहिणीचं होतं.

मी वाटेकडे बघितलं. फणसाच्या वळणावर नरेश उभा होता, मुलीच्या मागे मागे आलेला, आमच्या गडग्याच्या बाहेर. सहा महिने मी त्याच्या गडग्याबाहेर उभा राहिलो होतो. बाहेर उभं राहून पाय कसे दुखतात ते मला माहीत होतं.

"नरेश," मी हाक मारली. वहीतलं वाक्य नव्हतं, त्यामुळे काय म्हणायचं ते कळेना. "आत ये रे. बाहेर काय उभा राहतोस?"

याला आता सात वर्षं झाली. पुढच्या शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नरेशच्या दारात नाचली. वृषाली आता वाडीत सगळ्यांचं रक्त तपासते आणि सगळ्यांना ओरडते. काशीराम अजून माझ्याशी बोलत नाही. त्याला मी कायदा दाखवत नाही. रोज सकाळी त्याच्या दारावरून जाताना एक वाक्य बोलतो आणि पुढे निघतो. पोच अजून मिळालेली नाही.

तनू यंदा सहावीत आहे. परवा शाळेतून आली ती दप्तर टाकून माझ्यापुढे उभी. वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, कायद्याने माणूस सुधारतो का.

"आजोबा, कुठल्या बाजूने बोलू?"

 मी पेटीतून ती शंभर पानी वही काढून दिली. ती ओटीवर पालथी पडून वाचत बसली. जुने गोल बघून हसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फौजदारांनी रोज किती वाक्यं सांगितली होती?"

"एक."

"एकच?"

"एक म्हंजे एक. मी नियमाबाहेर जात नाय."

ती वही घेऊन माझ्याजवळ आली. माघातलं पान होतं. खंड्याच्या बिळात पिल्लं आहेत, असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्या पुढे, त्याच तारखेला, त्याच शाईने, आणखी एक वाक्य होतं. ते मी कधी लिहिलं ते मला आठवत नाही, आणि मधल्या वर्षांत मी ते कधी वाचलंही नव्हतं.

तनूने त्याच्याखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "उद्या दाखवीन."